ठिपक्यांची कोंबडी आणि तीन आभाळं

मित्रांनो, भूगोलाच्या वहीत सातारा जिल्ह्याचा नकाशा तुम्ही कधी ना कधी काढला असेलच. नसेल, तर आज काढा. डावीकडे, म्हणजे पश्चिमेला, महाबळेश्वर लिहा. उजवीकडे, पार टोकाला, म्हसवड लिहा. आता पट्टी घेऊन दोन्ही गावं जोडा. सरळ रेघेत हे अंतर भरतं साधारण सव्वाशे किलोमीटर. म्हणजे फार काही नाही. पण गंमत बघा! या रेघेच्या एका टोकाला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि दुसऱ्या टोकाला पाचशे मिलिमीटर पडला तरी ‘औंदा साल बरं झालं’ असं म्हणतात. एकच जिल्हा, पण आभाळं मात्र वेगवेगळी!

आज आपण या आभाळांखालून एक चक्कर मारणार आहोत. सोबत शेजारच्या सांगली जिल्ह्यातही डोकावू. आणि बरोबर घेणार आहोत एक पाहुणी. काळ्या-करड्या अंगावर पांढरे ठिपके, डोक्यावर हाडाचं छोटंसं टोप, उघडा निळसर गळा आणि आवाज असा, की झोपलेलं गाव उठून बसावं. ओळखलंत? ही गिनी कोंबडी. कुणी तिला नुसतं ‘गिनी’ म्हणतं, कुणी ‘गिनी फाऊल’. आपल्याकडे मळ्यावर, शेतघरावर गावरान कोंबड्यांच्या सोबतीनं ती हल्ली दिसते.

तिला घेऊन फिरायचं कशासाठी? तर एका प्रश्नाचं उत्तर शोधायला. ‘गिनी कोंबडीचं घर कसं बांधावं आणि तिला काय खाऊ घालावं?’ पुस्तकात याचं उत्तर एकच असतं. पण मेढ्याचं उत्तर म्हसवडला चालत नाही, आणि म्हसवडचं मेढ्याला तर मुळीच नाही. आणि उत्तर चुकलं तर किंमत मोजतात ती तळहातावर मावणारी पिल्लं. कशी, ते बघू या.

पाहुणी कुठली?

गिनी कोंबडी मूळची आफ्रिकेची. तिथल्या कोरड्या, मोकळ्या गवताळ रानात ती थव्यानं हिंडते. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला ‘गिनी’ म्हणत, त्यावरून तिचं नाव पडलं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक लोकांनाही ती ठाऊक होती. त्यांच्याकडे एक गोष्ट सांगत. मेलिएगर नावाचा वीर मेला, तेव्हा त्याच्या बहिणी इतक्या रडल्या, की देवीनं त्यांना पक्षी करून टाकलं आणि त्यांच्या अश्रूंचे पिसांवर ठिपके झाले. शास्त्रज्ञांनी तिला जे ‘न्यूमिडा मेलिएग्रिस’ नाव दिलं, त्यात ही गोष्ट अजून लपून बसलेली आहे.

आपल्या देशातही तिच्यावर संशोधन झालं आहे बरं का! उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे, १९७९ साली स्थापन झालेली. तिथं गिनीचे तीन वाण तयार केले गेले. त्यांची नावं किती छान आहेत ऐका: कादंबरी, चितंबरी आणि श्वेतांबरी. यातली पांढरी कोणती, हे सांगायला नकोच!

कोरड्या रानातली ही बाई उन्हाला भीत नाही. दाणे, किडे, नाकतोडे, वाळवी, कोवळा पाला, जे मिळेल ते खाते. कोंबडीसारखी वाफे उकरून वाट लावत नाही. अनोळखी माणूस, कुत्रं, साप दिसला की सगळा थवा एकदम ओरडतो. पण तिला एक गोष्ट मुळीच सोसत नाही. ती म्हणजे ओल. मोठे पक्षी थोडंफार सोसतात. पण पिल्लू भिजलं, गारठलं, की तासा-दोन तासांत मान टाकतं. गावरान कोंबडीच्या पिल्लापेक्षा ते कितीतरी नाजूक.

आता खरी अडचण ऐका. गिनी वर्षभर अंडी देत नाही. दिवस मोठा होऊ लागला, की मार्च-एप्रिलपासून ती अंड्यावर येते आणि सप्टेंबरच्या सुमाराला थांबते. म्हणजे तिचा अंड्यांचा हंगाम आणि आपला पावसाळा एकमेकांत अडकलेले! अंडं उबायला २६ ते २८ दिवस लागतात. पिल्लू धड व्हायला पुढे सहा-सात आठवडे. मग अंडी उबवायला ठेवायची कधी? इथूनच आपला प्रवास सुरू होतो.

पहिलं आभाळ : मेढा

साताऱ्याच्या स्टँडवरून मेढ्याची एस.टी. पकडा. वेण्णा नदीच्या खोऱ्यातून गाडी वर चढत जाते. पुढे केळघरचा घाट आणि मग महाबळेश्वर. हा भाताचा आणि नाचणीचा मुलूख. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू झाला, की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. धुकं घरात शिरतं. कपडे वाळत नाहीत, काडेपेटी पेटत नाही. इथं गिनीला कसं ठेवायचं?

या मुलखातली जुनी घरं नीट बघा, उत्तर तिथंच आहे. दगडी जोतं उंच. छपराचा उतार चांगला तीव्र. पावसाळ्याआधी पश्चिमेच्या भिंतींना बाहेरून गवताच्या तट्ट्या बांधायची इथली रीत. का? कारण पाऊस सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून आडवा मारतो. माणसांच्या घराचं हे शहाणपण गिनीच्या घरालाही लागू. जमिनीपासून दोन फूट उंच दगडांवर घर. पश्चिम बाजू पूर्ण बंद, जाळीची बाजू पूर्वेला. पत्र्याच्या छपरावर गवताचा जाड थर, म्हणजे पावसाचा ताशा वाजत नाही आणि पक्षी बिचकत नाहीत. खाली भाताचं तूस अंथरायचं, चार बोटं जाड. ओलं झालं की तेवढं काढून नवं टाकायचं.

आणखी एक. इथं घर लहान नको, मोठं हवं. एरवी गिनी दिवसभर बाहेर असते, रात्रीपुरती जागा पुरते. पण झडीच्या दिवसांत पक्षी चार-चार दिवस आतच असतात. दाटी झाली की एकमेकांना चोचीनं मारतात. म्हणून एका पक्ष्याला निदान तीन चौरस फूट जागा धरा. आत कोबीची पानं किंवा शेवग्याच्या डहाळ्या टांगून ठेवा. चोचीला उद्योग मिळतो आणि हिरवा चाराही पोटात जातो.

खायला इथं काय? तांदळाच्या कण्या, नाचणी, कोंडा. जोडीला शेंगदाण्याची पेंड आणि थोडं सुकट. पण पेंडीबाबत सावध! १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी पटापट मेले. रोग कोणता, कुणालाच कळेना. शेवटी शोध लागला, की त्यांच्या खाण्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीवर बुरशी वाढली होती आणि त्या बुरशीचं विष पक्ष्यांना भोवलं होतं. त्या विषाला आज ‘अफ्लाटॉक्सिन’ म्हणतात. मेढ्याच्या जुलैत बुरशी यायला किती वेळ लागतो? म्हणून खाद्य पत्र्याच्या डब्यात, जमिनीपासून उंच, आणि एका वेळी पंधरा दिवसांचंच. पेंडीला कुबट वास आला, की ती उकिरड्यावर. ‘थोडीच खराब आहे’ असं म्हणायचं नाही.

आणि अंडी कधी ठेवायची? हिशेब करू. २५ मार्चला खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली, तर २२ एप्रिलच्या सुमाराला पिल्लं बाहेर येतील. १० जूनला ती बरोबर सात आठवड्यांची होतील. पाऊस दारात येईतो पिसं आलेली, धावणारी! मेढ्याला हेच जमवायचं. जूननंतरची अंडी सरळ खायला घ्यावीत. चवीला उत्तम असतात, आणि कवच इतकं जाड, की फोडायला जरा जोर लावावा लागतो!

दुसरं आभाळ : कृष्णाकाठ

आता कृष्णेबरोबर खाली उतरू. महाबळेश्वरला उगवलेली कृष्णा वाईवरून येते, माहुलीला वेण्णेला भेटते, कऱ्हाडला कोयनेला कवेत घेते आणि पुढे सांगलीकडे जाते. इथं पाऊस मेढ्याइतका नाही. पण जमीन काळी, खोल, ओल धरून ठेवणारी. चपलेला चिकटलेला चिखल काढता काढता शाळेची घंटा होते, हे इथल्या मुलांना वेगळं सांगायला नको. इथला शत्रू वरून येत नाही, तो जमिनीतून येतो.

म्हणून इथं तळ महत्त्वाचा. मातीवर घर नको. खाली मुरूम टाकून धुमसून घ्यावा किंवा लाकडी मचाण करावं. अंथरायला शेंगांची टरफलं वापरावीत. ती या भागात मुबलक, आणि ओल छान शोषतात. छपराला उसाचं पाचट. रोज सकाळी गादी काठीनं खालीवर करायची, म्हणजे ती वाळते आणि घाणेरडा वास येत नाही. डोळ्यांना झोंबणारा वास आला, की समजा गादी ओली झाली. आपल्याला जो वास उभ्यानं झोंबतो, त्यातच ते पक्षी रात्रभर बसलेले असतात!

नदीकाठच्या गावांना आणखी एक काळजी. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेचा पूर किती वर आला होता, हे सांगलीच्या मुलांच्या घरी आजी-आजोबा सांगतील. कुठल्याशा भिंतीवर पाण्याची रेघही दिसेल. पक्ष्यांचं घर त्या रेघेच्या वरच असायला हवं. ते जमत नसेल, तर खुराडं दोघांना उचलता येईल एवढंच करावं आणि दोन-तीन मोठी डालगी जवळ तयार ठेवावीत. पाणी वाढू लागल्यावर पक्ष्यांमागे धावायला वेळ नसतो. शिवाय घाबरलेली गिनी सरळ झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसते आणि हाका मारल्या तरी उतरत नाही.

इथलं खाणं सर्वांत सोपं. मका, ज्वारी, सोयाबीनची पेंड, सगळं शिवारातच पिकतं. शेतात फवारणी झाली, की मात्र निदान आठ-दहा दिवस पक्षी त्या रानात सोडायचे नाहीत. औषधानं मेलेला किडा गिनीला आयता घास वाटतो!

तिसरं आभाळ : माणदेश

पुन्हा साताऱ्याला येऊ आणि आता पूर्वेची एस.टी. धरू. कोरेगाव मागे पडतं. वर्धनगडचा घाट ओलांडला, की हवा पालटते. पुसेगाव, दहिवडी आणि मग म्हसवड. तिथून माणगंगेच्या कडेकडेनं गेलं, की सांगली जिल्ह्यातली आटपाडी. झाडं खुरटी, माळ मोकळे, आभाळ मोठं. इथं आल्यावर आपली पाहुणी खूश! कारण तिच्या मूळ गावासारखाच हा मुलूख. कोरडा, गवताळ, किड्यामुंग्यांचा.

मग इथं घराची गरजच नाही का? आहे तर! पण पावसासाठी नव्हे, उन्हासाठी आणि वाऱ्यासाठी. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. पत्र्याखाली अक्षरशः भट्टी होते. म्हणून छपरावर बाजरीचं सरमाड किंवा ज्वारीचा कडबा पसरायचा. घराची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवायची, म्हणजे ऊन आत घुसत नाही. दोन्ही लांब बाजूंना जाळी, वारा आरपार जायला हवा. बाभळीच्या किंवा कडुनिंबाच्या सावलीला घर असलं, तर फारच उत्तम. पक्ष्यांना धुळीत लोळायला एक खड्डा ठेवा आणि त्यात चुलीतली राख मिसळा. ही त्यांची अंघोळ. पिसांतल्या उवा-गोचिडी त्यानं जातात.

पाण्याचं काय? दहा मोठ्या गिनींना कडक उन्हाळ्यात दिवसाला तीन-चार लिटर पाणी पुरतं. एका माणसाच्या अंघोळीच्या बादलीत दहा पक्ष्यांचे चार-पाच दिवस निघतात! ज्या गावात टँकरची वाट बघावी लागते, तिथं हा हिशेब मोलाचा. पाणी मातीच्या परळात, सावलीला, दिवसातून दोनदा बदलून.

खायला बाजरी, हुलग्याचा भरडा आणि सुगीनंतर रानात सांडलेले दाणे. आणि पिल्लांसाठी माणदेशात एक मेवा फुकट मिळतो, वाळवी! जुन्या मडक्यात ओलसर शेण आणि काटक्या-पाचोळा भरा, संध्याकाळी वाळवीच्या जागी पालथं घाला. सकाळी उचलाल तर आत वाळवीच वाळवी. पिल्लाला पहिल्या महिन्यात भरपूर प्रथिनं लागतात. त्याच्या खाण्यात ती २४ टक्क्यांच्या आसपास हवीत, मोठ्या पक्ष्याला १६ टक्के पुरतात. नुसत्या कण्यांवर पिल्लू वाढत नाही, ते याचसाठी.

इथं अंडी कधी ठेवायची? मेढ्याच्या उलट! माणमध्ये जून ते ऑगस्ट नुसता वारा आणि भुरभुर. खरा पाऊस येतो तो परतीचा, सप्टेंबरात. एप्रिलच्या शेवटी पिल्लं निघाली, तर मेच्या उन्हात ना गवत ना किडा. पण २० जूनला अंडी ठेवली, तर १८ जुलैला पिल्लं येतील. तेव्हा माळावर पोपटी गवत, त्यात बारके नाकतोडे. आणि ५ सप्टेंबरला पिल्लं सात आठवड्यांची झालेली असतील. परतीच्या पावसाला तोंड द्यायला तयार!

पाहिलंत? पक्षी एकच. पण मेढ्यात मार्च, माणमध्ये जून. कृष्णाकाठी मधला रस्ता, म्हणजे एप्रिलचा पहिला पंधरवडा. ज्यानं घरावरचं आभाळ पाहिलं, त्याची पिल्लं जगली.

सगळीकडे सारखं ते

काही गोष्टी मात्र तिन्ही आभाळांखाली सारख्याच. गिनी आपली पिल्लं नीट सांभाळत नाही. ती दहिवरानं भिजलेल्या गवतातून भराभर चालते, पिल्लं मागे पडतात आणि गारठतात. म्हणून अंडी गावरान खुडूक कोंबडीखाली द्यावीत. मोठ्या कोंबडीखाली बारा-पंधरा सहज मावतात. कोंबडी नसेल, तर पुठ्ठ्याच्या खोक्यात बल्ब लावून ऊब द्यावी लागते. पहिल्या आठवड्यात ३५ अंश, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली गठ्ठा करून बसली तर गारठलीत, लांब कोपऱ्यात पळाली तर उकडतंय, सगळीकडे पांगून दाणे टिपताहेत तर बरोबर! बल्ब आणि वायरचं काम मात्र मोठ्या माणसांनीच करायचं. पाण्याच्या ताटलीत गोटे टाका, नाही तर पिल्लं त्यात बुडतात.

हिवाळ्यात अंडी थांबतात. पक्षी आजारी नसतो, दिवस लहान झालेला असतो एवढंच. रात्री वाऱ्याच्या बाजूला बारदान सोडा आणि संध्याकाळी मूठभर मका जास्त द्या. दाणा पोटात असला, की रात्री ऊब राहते.

आणि संध्याकाळची शिस्त! गिनीला अंधारात नीट दिसत नाही, म्हणून ती अंधाऱ्या घरात शिरायला कचरते आणि झाडावर बसते. मग रात्री रानमांजर येतं. यावर उपाय सोपा. नवे पक्षी आणले, की दोन-तीन आठवडे कोंडून ठेवा. नंतर रोज दिवेलागणीच्या आधी डबा वाजवून आतच दाणे टाका, आत एक लहानसा दिवा ठेवा. काही दिवसांत डबा वाजला की थवा धावत येतो. घराची जाळी अर्ध्या इंचाचीच हवी, मुंगूस फार अंग चोरतं.

आई-बाबांसाठी चार शब्द

मुलांनी हट्ट धरला म्हणून बाजारातून दोन पिल्लं उचलून आणू नका. गिनी हा थव्याचा पक्षी आहे, निदान पाच-सहा असाव्यात. शेजार लागून असेल, तर आणूच नका. पहाटेपासून त्यांचा आवाज सुरू होतो आणि शेजाऱ्यांशी अबोला! आणि एक महत्त्वाचं. गिनी पाळीव पक्षी आहे. पण तिच्यासारखा दिसतो म्हणून रानातला तित्तर किंवा लावा कुणी विकायला आणला, तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानपक्षी पकडणं आणि पाळणं गुन्हा आहे.

पक्षी एकाएकी, एकापाठोपाठ मरू लागले, तर हात न लावता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. वेळेवर दिलेली बातमी सगळ्या गावाचे पक्षी वाचवते. एरवीही घर झाडून झालं, की साबणानं हात धुवायचे, मुलांनीही आणि मोठ्यांनीही.

आता तुमचं काम

मित्रांनो, पक्षी आणण्याआधी एक वही करा. घराच्या ओसरीवरून वारा कुठून येतो, पावसाची झड कोणत्या भिंतीवर बसते, अंगणातली माती पाऊस थांबल्यावर किती दिवसांनी वाळते, एवढं एक पावसाळाभर लिहा. आजोबांना विचारा, आपल्या गावात मोठा पाऊस कोणत्या महिन्यात येतो. मग कॅलेंडर घ्या. त्या तारखेच्या अकरा आठवडे मागे जा. अंडी उबायला चार आठवडे आणि पिल्लू सावरायला सात, झाले अकरा! जी तारीख येईल, तिच्यावर लाल खूण करा. त्या तारखेला गिनी अंड्यावर आलेली असायला हवी, हेही लक्षात ठेवा.

तुमच्या गावाची तारीख मेढ्याची नसेल, म्हसवडचीही नसेल. ती तुमच्या आभाळाची असेल. शेजारच्या गावातल्या मित्राची तारीख कोणती येते, तेही विचारा आणि दोन्ही ताडून बघा!